सातबाऱ्यातला ‘खुद्द’

नांदेड-लातूरकडे कामाच्या ताणातून होणाऱ्या आत्महत्यांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. कर्जाखाली दबलेला, नापिकीने खचलेला, वसुलीच्या तगाद्याने तोंड लपवणारा शेतकरी. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आयुष्य संपवले. त्यांत नांदेडचे १७५ आणि लातूरचे ७२ होते. बाईच्या मृत्यूची बातमीही वर्तमानपत्रात येते, पण तिचे शब्द वेगळे असतात: घरगुती कारण, कौटुंबिक वाद, आजारपण. वर्षानुवर्षे हे असे वाचून आपला एक समज पक्का झाला आहे की पुरुष कामापायी खचतो आणि बाई घरापायी. कामाचा ताण आणि मरणाचा विचार यांचे नाते पुरुषात घट्ट, बाईत सैल, असे आपण गृहीतच धरतो. हा फरक मनाच्या घडणीतून आलेला नाही, निदान जितका सांगितला जातो तितका नाही, असे माझे म्हणणे आहे. तो बऱ्याच अंशी कागदाने घडवला आहे. कुणाच्या कष्टाला काम म्हणायचे हे ज्या दप्तरांनी ठरवले, त्याच दप्तरांनी पुढे कुणाच्या मरणाला कामामुळे आलेले मरण म्हणायचे हेही ठरवून टाकले.

म्हणून या गोष्टीचा माग पोलीस ठाण्याच्याही आधी तलाठ्याच्या दप्तरात काढावा लागतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर इथल्या जमिनींची पाहणी होऊन १९५४च्या सुमारास खासरा पहाणीपत्रके तयार झाली, आणि जमिनीचे जुने वाद आजही त्या कागदापर्यंत जाऊन थांबतात. पुढे १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि सातबारा रुळला. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. नमुना बारात ‘जमीन करणाराचे नाव’ असा एक रकाना असे. म्हणजे नेमका प्रश्न कागदाला सुचला होता: ही जमीन प्रत्यक्षात करते कोण? उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी एकाच शब्दात मिळे, ‘खुद्द’. खातेदार स्वतः करतो. नांगरट, पाळी आणि बाजारहाट खातेदार करत असेलही. पण खुरपणी, कापसाची वेचणी, तुरीची काढणी, बियाणे निवडून राखेत घोळून ठेवणे, गोठा आणि धारा हे सगळे बाईच्या हातून होत होते, आणि ते हात त्या एका शब्दात विरघळून गेले. लातूरच्या आडतीत माल गेला की पट्टी निघे ती घरधन्याच्या नावाने. सोसायटीचे कर्ज, बँकेचे पासबुक, खताची उधारी, सगळीकडे तेच नाव. यात कुणी ठरवून कट केला होता असे नाही. मालकी ज्याची त्याचेच काम, ही महसुली रीत होती, आणि ती इतकी जुनी होती की तिच्यात काही राहून गेले आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हते.

याच रीतीचे सर्वांत उघडे रूप ऊसतोडीच्या व्यवहारात दिसते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, मुखेड-कंधार-जळकोटकडच्या गावांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशोबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. उचल घेतो नवरा, सही किंवा अंगठा त्याचा, फेडायची मात्र दोघांनी. पहाटे उठून भाकरी थापायची, पाणी आणायचे, मग फडात दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री कोपीवर पुन्हा चूल. बाई आजारी पडली तर अर्धा नव्हे, अख्खा कोयता बसतो आणि खाडा दोघांवर चढतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे जी माहिती आली तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण अनेक बायकांनी सांगितले. कामाच्या ताणाने माणूस कुठवर जाऊ शकतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? तरीही या बायकांच्या नावापुढे व्यवसाय लिहायची वेळ आली की लेखणी ‘गृहिणी’ या शब्दाकडे वळते.

एक अपवाद नोंदवायलाच हवा, कारण त्यातून कळते की दुसरी रीत शक्य होती. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका हजारोंनी खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला गेल्या. मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तिथून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांच्या हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लिहिले जाई, खाडा तिचा, रोज तिचा. जनगणनेचा प्रवास याच सुमारास उलट दिशेने चालला होता. १९६१ साली ‘काम करणारा’ कोण याची व्याख्या ऐसपैस होती. १९७१ साली माणसाचा मुख्य व्यवसाय विचारला गेला, आणि घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या बाईचा मुख्य व्यवसाय घरकाम ठरला. देशातल्या कामकरी बायकांचे प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. बायकांनी खुरपी खाली ठेवली नव्हती. प्रश्न बदलला होता.

पिके बदलली तसा ताणही बदलला, आणि दोघांचा वेगवेगळ्या रीतीने बदलला. ज्वारीच्या काळात धान्य घरात येई, कणगीत नाहीतर पेवात राही, कडबा जनावरांना होई. त्या धान्यावर बाईचा हात चाले. पायलीभर ज्वारी दुकानात घालून ती तेल-मीठ आणू शके. मग नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण १९८०च्या दशकात कोरडवाहू शेतकऱ्याचा आवडता झाला, २००२नंतर बीटी कापूस आला, आणि लातूरकडे सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीन घरात राहत नाही. ते खळ्यावरून थेट आडतीत जाते. बियाणे विकतचे, खत-औषध उधारीचे, भाव हातात नसलेला, पाऊस बेभरवशाचा. या सगळ्या जोखमीवर सही एकाची, पुरुषाची. त्याचा ताण खोटा नव्हता आणि नाही. गावात पत गेली की आपणच गेलो असे त्याला वाटते, कारण लहानपणापासून त्याला कर्ता म्हणूनच वाढवलेले असते. बाईचा ताण मात्र वाढूनही अदृश्य झाला. धान्यावरचा ताबा गेला, मजुरी वाढली, आणि घरातल्या टंचाईचा हिशोब तिलाच बसवावा लागला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याआधी आणि नंतर त्याच जिल्ह्यातल्या गावांत हंड्याने वाहिलेल्या पाण्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

आता मरणाच्या दप्तरांकडे येऊ. इथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची गाठ तिथे आहे. पहिली १९८३ची. हुंडाबळींच्या विरोधातल्या चळवळीमुळे त्या वर्षी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी दुरुस्ती झाली की लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली तर चौकशी दंडाधिकाऱ्यापर्यंत गेलीच पाहिजे. १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले. हे कायदे अत्यंत गरजेचे होते. पण त्यांनी बाईच्या मृत्यूची चौकशी कुठे करायची हेही ठरवून दिले: सासरी, माजघरात. दुसरी तारीख १९ डिसेंबर २००५ची. त्या दिवशीच्या शासननिर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत ठरली, ३०,००० रोख आणि उरलेले ७०,००० ठेवीत. जानेवारी २००६च्या निर्णयाने तपासाची पद्धत घालून दिली: नापिकी होती का, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते का, वसुलीचा तगादा होता का. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ठरू लागले. म्हणजे पुरुषाच्या मरणाचे कारण शोधायचे शेतात आणि बँकेत. पुढे जमीन घरातल्या कुणाच्याही नावावर असली तरी चालेल अशी सवलत मिळाली, तरी कर्ज आणि तगादा दाखवायला कागद लागत होते, आणि कागद कुणाच्या नावे होते ते वर आलेच आहे. एकाच घरात, एकाच दुष्काळात दोन माणसे मेली तरी एकाचा पंचनामा शेताकडे जाई आणि दुसरीचा चुलीकडे.

या दोन वाटांचा शेवट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात दिसतो. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक, २२,२०७, महाराष्ट्रात. त्या वर्षी ‘शेतकरी’ या रकान्यात ५,३१८ जण होते, त्यांत पुरुष ५,१०७ आणि बायका २११. ‘शेतमजूर’ या रकान्यात ५,५६३, त्यांत बायका ४४२. आणि ‘गृहिणी’ या एकाच रकान्यात २३,१७८. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत आहेत असे सरकारचेच श्रमबल सर्वेक्षण सांगते. असे असताना अख्ख्या देशात वर्षभरात फक्त २११ शेतकरी बायकांनी आत्महत्या केल्या हे कुणाला खरे वाटेल? त्या तेवीस हजारांत कितीजणी खुरपणीला जात होत्या, कितीजणींच्या नावावर बचत गटाचा किंवा सूक्ष्म वित्त कंपनीचा हप्ता होता, हे तक्ता सांगू शकत नाही. पुढच्याच तक्त्यात कारणे येतात, आणि ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण सगळ्यांत मोठे, तिसरा हिस्सा व्यापणारे. व्यवसाय गृहिणी आणि कारण कुटुंब, असे दोन्ही रकाने भरले की कामाचा प्रश्न उरतच नाही.

शास्त्रानेही या बाबतीत दप्तरावर फार मात केलेली नाही. एमिल द्युरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवरचा आपला ग्रंथ लिहिला तेव्हा बायकांच्या आत्महत्या कमी का, याचे उत्तर त्याने बायका समाजजीवनात कमी गुंतलेल्या असतात असे दिले. कामाचा ताण मोजण्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी रॉबर्ट कारासेकने १९७९ साली केली: मागणी जास्त आणि आपल्या हातात निर्णय कमी, तिथे ताण सर्वांत जड. मांडणी फार मोलाची आहे, पण ती अमेरिकी आणि स्वीडिश पुरुष कामगारांच्या माहितीवर उभी राहिली होती. तिचीच फूटपट्टी मुखेडच्या फडात किंवा औशाच्या सोयाबीनमध्ये लावून पाहावी. मागणी अमर्याद, हातात निर्णय शून्य, असे काम कुणाचे? कोणते बियाणे, कुणाकडून कर्ज, माल कधी विकायचा, यातले काहीच जिच्या हाती नाही आणि तरी प्रत्येक निर्णयाचे ओझे जिच्या अंगावर येते, तिचे.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचाच येईल, आणि तो हलका नाही. रकाने कसेही असोत, पुरुष जास्त मरतात. २०२१च्या नोंदीत १०० पैकी ७२हून अधिक पुरुष आहेत. हे खरे आहे आणि कोणत्याही पुनर्मोजणीने ते पुसले जाणार नाही. पण मृत्यू हे एक माप आहे, विचार हे दुसरे. जगभरच्या अभ्यासांत पुन:पुन्हा असे दिसले आहे की आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न बायकांत अधिक सापडतात, मृत्यू पुरुषांत. केवळ मृत्यू मोजून ‘बाईच्या मनावर कामाचा परिणाम कमी’ असे म्हणणे म्हणजे पूर आला नाही म्हणून नदीत पाणीच नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय भारतातली बाई जगाच्या तुलनेत मुळीच सुरक्षित नाही. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१६ साली जगातल्या आत्महत्या करणाऱ्या बायकांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या; पुरुषांत हेच प्रमाण २४.३ टक्के होते.

दुसरा आक्षेप स्त्री-चळवळीतून येऊ शकतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाईच्या मरणाला कामाचा ताण म्हणू लागलो तर मारहाण, संशय आणि हुंडा यांवर पांघरूण पडेल; सासरचे लोक हेच तर म्हणतात की तिला काम झेपत नव्हते. ही भीती रास्त आहे. १९८३चे कायदे मोठ्या झगड्याने मिळाले आणि त्यांचा एक शब्दही ढिला होता कामा नये. पण काम आणि हिंसा या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. मजुरीचे पैसे मागितले म्हणून मार बसतो, हप्त्याला पैसे नाहीत म्हणून भांडण पेटते, शेत पडीक राहिले म्हणून माहेरहून आणायला सांगितले जाते. ‘कौटुंबिक वाद’ हा शब्द हिंसाही झाकतो आणि श्रमही झाकतो. दोन्ही उघडे करायचे तर एकाच कारणाच्या रकान्याचा हट्टच सोडावा लागेल.

तो हट्ट पुरुषांनाही महागात पडला आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. नापिकी, कर्ज आणि तगादा या तीन खुणा जुळल्या तरच मदत, म्हणताना घरच्यांना मेलेल्या माणसाला एका कर्जखात्याएवढे लहान करून दाखवावे लागले. त्याचे दारूचे व्यसन, अंगावर काढलेला आजार, कुणाशी न बोललेली निराशा हे सगळे सांगितले तर प्रकरण अपात्र ठरण्याचा धोका. मग ते सांगितलेच गेले नाही, आणि जे सांगितले गेले नाही त्यावर उपायही झाले नाहीत. यवतमाळच्या चिलगव्हाणच्या करपे कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी झालेला अंत महाराष्ट्रातली पहिली गाजलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ओळखला जातो आणि त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग होतो. त्या दिवशी घरातली सहा माणसे गेली होती, नवरा, बायको आणि चार मुले. नाव उरले ते ‘शेतकरी साहेबराव’ एवढेच.

मागे राहिलेल्या बायकांची कहाणी तर ‘खुद्द’ या शब्दाचाच पुढचा भाग आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिच्यावर, हक्क मिळालेला नव्हता. मेलेल्या माणसाचे कर्ज आणि शेत दोन्ही ती ओढते, पण नवीन पीककर्ज मागायला गेली तर सातबारा दीराच्या किंवा सासऱ्याच्या नावे. जून २०१९मध्ये शासनाने या बायकांसाठी वारसनोंद आणि मदतीचा स्वतंत्र निर्णय काढला, तो मंचाच्या पाठपुराव्याचे फळ होता. त्याआधी २०१५च्या अखेरीस मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला होता. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा, जगावेसे न वाटणे याविषयी विचारते आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे धाडते. मृत्यूच्या नोंदीवरून जिवंत माणसाच्या विचाराकडे सरकारी दप्तर वळले ते इथे, आणि मी याला या इतिहासातले सर्वांत चांगले वळण मानतो. २०२२च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास चालतो, आणि त्यावर मराठीत बोलता येते. प्रश्न विचारत उन्हातान्हात फिरणारी ही आशा मात्र सरकारी भाषेत कामगार नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे.

जमीन नावावर नसली तरी शेती करणारा तो शेतकरी, ही व्याख्या काही नव्याने शोधायची नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात भूमिहीन, कूळ, मजूर सगळ्यांना शेतकरी म्हटले आहे. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ साली राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे विधेयक मांडले; शेती करणाऱ्या बाईला, जमीन असो वा नसो, ग्रामपंचायतीने तसा दाखला द्यावा अशी त्यात तरतूद होती. असा दाखला हाती असता तर पंचनाम्यातला व्यवसायाचा रकाना ‘गृहिणी’ने भरणे सोपे राहिले नसते. पुढच्या वर्षी त्यांची सदस्यत्वाची मुदत संपली आणि विधेयकही संपले. तलाठ्याचा नमुना बाराही आता बदलला आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. तलाठ्याची वाट न पाहता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो चढवायचा. आधी यादीतून खातेदाराचे नाव निवडायचे, मग गट, मग पीक. फोन बाईच्या हातात असला, सोयाबीन तिने खुरपलेले असले, तरी निवडायचे नाव यादीत जे आहे तेच.